सोलापुरातला टर्फवरचा फुटबॉल क्लास: एका तासात चेंडू पायाला किती वेळा लागतो?

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत टर्फ झाले आणि बॉक्स क्रिकेटवाले यायच्या आधीचा संध्याकाळचा तास लहान मुलांच्या फुटबॉलला मिळाला. त्यातल्या एका क्लासचं हे परीक्षण. नाव मुद्दाम देत नाही. इथे जे दोष सांगतोय ते थोड्याफार फरकाने बहुतेक क्लासमध्ये सापडतील, एकालाच फासावर लटकवण्यात अर्थ नाही. आठवड्यातून तीन दिवस, रोज एक तास, महिन्याला दीड हजार रुपये, जर्सीचे सहाशे वेगळे. वय ६ ते १२, सगळे एकत्र. बॅचमध्ये मुलं २४, कोच एक, चेंडू सहा.

चोवीस आणि सहा. बाकी सगळं परीक्षण या दोन आकड्यांभोवतीच फिरणार आहे.

तासाचा हिशेब असा. पहिली दहा मिनिटं हजेरी आणि टर्फभोवती चकरा. मग आठ मिनिटं स्ट्रेचिंग, त्यात सात वर्षांचं पोरही मांडी ताणून उभं. पुढची सत्तावीस मिनिटं ड्रिल: बारा-बारा मुलांच्या दोन लाईनी, समोर कोन, म्हणजे प्लास्टिकचे शंकू, मांडलेले. पहिला मुलगा चेंडू घेऊन कोनांमधून जातो, वळतो, परत येतो, पुढच्याला पास देतो आणि लाईनीच्या शेपटाला जाऊन उभा राहतो. शेवटची पंधरा मिनिटं मॅच, बारा विरुद्ध बारा, पाच-पाच जणांसाठी बनवलेल्या टर्फवर.

लाईनीत मधे उभ्या असलेल्या एका मुलावर नजर ठेवून मोजलं. एका फेरीला वीस सेकंद, बारा मुलं, म्हणजे पाळी चार मिनिटांनी. सत्तावीस मिनिटांत सहा पाळ्या, प्रत्येक पाळीत पाच-सहा टच. झाले पस्तीस. मॅचमध्ये चेंडू त्याच्याकडे चारदा आला, त्यात एकदा त्याने डोळे मिटून नुसता हाणला. एका तासात चाळीसच्या आतबाहेर. उरलेला सगळा वेळ तो पुढच्याच्या पाठीवरचा नंबर वाचत होता, मागच्याशी ढकलाढकली करत होता आणि मॅचमध्ये कोपऱ्यात उभं राहून "पास दे की बे" असं ओरडत होता. पास काही आला नाही. चेंडू बॅचमधल्या सगळ्यात दांडग्या पोराकडे होता, तो कशाला देतोय.

वर्ल्ड कप आला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: एकशे चाळीस कोटींच्या देशाला अकरा जण सापडत नाहीत? सापडत नाहीत, कारण ते लाईनीत उभे आहेत. ही थट्टा नाही, हिशेब आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख १८ हजार होती. अख्ख्या क्रोएशियात २०२१ च्या जनगणनेत ३९ लाखही माणसं भरली नाहीत. त्या देशाने २०१८ ची फायनल खेळली आणि २०२२ ला तिसरा नंबर काढला. दोन वर्ल्ड कप जिंकलेला उरुग्वे ३५ लाखांच्या घरात, म्हणजे तोही आपल्या जिल्ह्याहून लहान. एकट्या सोलापूर शहरात ९ लाख ५१ हजार लोक होते. आइसलँडची वस्ती त्याच्या निम्मीही नाही, तरी २०१६ च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, त्यांनी इंग्लंडला घरी पाठवलं आणि दोन वर्षांनी वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाला १-१ असं रोखलं. उलट बाजूने बघा: जगातल्या सर्वाधिक लोकसंख्येच्या दहा देशांपैकी पुरुषांचा वर्ल्ड कप आजवर फक्त ब्राझीलने जिंकलाय. लोकसंख्या हे जात्यात न पडलेलं धान्य आहे. कोठार भरलेलं असेल, पण पीठ जात्यातून गेलेल्याचंच होतं.

जातं म्हणजे काय, तर सहा ते बारा वयातले टच आणि त्यानंतरच्या मॅचेस. पहिल्या स्पर्शात चेंडू कुठे थांबवायचा, मान वर करून कोण कुठे आहे ते कधी बघायचं, अंगावर माणूस आल्यावर कुठल्या पायाने निसटायचं, या गोष्टी शरीरात बसायला हजारो वेळा त्याच अडचणीत सापडावं लागतं. कोन अडचण करत नाही. तो जागचा हलत नाही, पाय घालत नाही, फसवत नाही. म्हणून कोनांमधून सफाईने जाणारं पोर मॅचमध्ये समोर माणूस आला की चेंडू लांब ढकलून मोकळं होतं. ब्राझीलच्या मुलांना ही अडचण फुटसालच्या, म्हणजे पाच-पाच जणांच्या फुटबॉलच्या, लहान कोर्टवर फुकट मिळते. रोनाल्डिन्हो, नेयमार दोघेही लहानपणी फुटसाल खेळलेले. उरुग्वेत गल्लोगल्ली लहान पोरांच्या 'बेबी फुटबॉल'च्या लीग चालतात.

जर्मनीचं उदाहरण क्लासवाल्यांनी भिंतीवर लावावं असं. २००० च्या युरोमध्ये तीन सामन्यांत एक गोल आणि एक गुण घेऊन ते गटात तळाला राहिले. त्यानंतर देशभर साडेतीनशेहून अधिक प्रशिक्षण केंद्रं काढली, व्यावसायिक क्लबांना अकादमी सक्तीची केली आणि २०१४ ला कप घेतला. गंमत पुढे आहे. त्यानंतर कामगिरी घसरल्यावर त्यांनी पुन्हा सगळ्यात खालच्या पायरीला हात घातला. २०२४ च्या हंगामापासून लहान गटांत दोन-दोन किंवा तीन-तीन मुलांचे सामने, चार छोटे गोल, गोलकीपर नाही आणि गुणतक्ताही नाही. कारण साधं आहे. सात-सात जणांच्या सामन्यात बुजरं पोर लपून राहू शकतं, तीन-तीनमध्ये लपायला जागाच नसते.

पैसा ओतून वरून बांधायला गेलं की काय होतं ते चीनकडे पाहावं. त्यांची राष्ट्रीय टीम वर्ल्ड कपला गेली ती एकदाच, २००२ ला. तीन सामने हरले, नऊ गोल खाल्ले, एकही केला नाही. २०१५ मध्ये सरकारने फुटबॉल सुधारणेचा मोठा आराखडा काढला. क्लबांनी परदेशी खेळाडूंवर पैसा उधळला, ब्राझीलच्या एकट्या ऑस्कर या खेळाडूसाठी शांघायच्या क्लबने सहा कोटी युरो मोजले. २०२० ची लीग जिंकलेला जिआंग्सू क्लब काही महिन्यांत बंद पडला. आठ वेळा लीग जिंकलेला ग्वांगझू २०२५ च्या सुरुवातीला कर्जापायी व्यावसायिक लीगमधून बाहेर गेला. राष्ट्रीय संघाचे माजी कोच ली ती लाचखोरीत वीस वर्षं तुरुंगात. सप्टेंबर २०२४ मध्ये जपानकडून ०-७. घरावर कळस चढवला, पण जोतं नव्हतंच. दुपारी शाळा, संध्याकाळी शिकवणी, एकुलतं एक मूल आणि खेळापेक्षा परीक्षेची धास्ती, हे चित्र अशोक चौकातल्या किंवा सात रस्त्यावरच्या पालकाला वेगळं समजावून सांगायला नको.

अमेरिकेचं दुखणं वेगळं आणि आपल्या टर्फवाल्या क्लासच्या जास्त जवळचं. तिथे चांगल्या युवा क्लबात मुलाला खेळवायचं तर पालकाने वर्षाला हजारो डॉलर भरायचे. म्हणजे निवड आधी पाकिटाची आणि मग पायाची. २०१७ मध्ये जेमतेम १४ लाख वस्तीच्या त्रिनिदाद-टोबॅगोकडून हरून ते पुढच्या वर्ल्ड कपला मुकले. आपल्याकडे महिना दीड हजार, जर्सी, बूट आणि रिक्षा धरली की नई जिंदगी वस्तीतल्या किंवा पूर्व भागातल्या कारखान्यात काम करणाऱ्या घरातलं पोर आपोआप गाळलं जातं. ते पोर कदाचित शहरातल्या होम मैदानावर रबरी चेंडूने रोज दोन तास खेळत असेल आणि क्लासमधल्या पोरापेक्षा दहापट टच घेत असेल. पण त्याला बघायला कोणी जात नाही.

आता भारताचा रोग. पैसा नाही, मैदान नाही, क्रिकेटने खाल्लं, ही कारणं खोटी नाहीत, पण मुख्य कारण स्पर्धेच्या तक्त्यात दिसतं. शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. सोळा शाळांचे संघ आले तर एकूण सामने पंधरा, आणि आठ संघ पहिल्याच सामन्यात घरी. म्हणजे निम्म्या मुलांचा वर्षाचा 'स्पर्धात्मक फुटबॉल' एका सामन्याचा, तोही पूर्ण वेळेचा असेल याची खात्री नाही. तेच सोळा संघ चार-चारच्या गटांत टाकले तर गटातच चोवीस सामने होतात आणि प्रत्येकाला निदान तीन मिळतात. सगळ्यांशी सगळे खेळले तर १२० सामने, प्रत्येकाला पंधरा. मैदान तेच, मुलं तीच, फक्त तक्ता वेगळा. मिझोरामची वस्ती २०११ ला जवळपास अकरा लाख, म्हणजे सोलापूर शहराच्या जोडीची. तिथे २०१२ पासून राज्याची लीग चालते आणि २०१७ मध्ये ऐजॉलच्या क्लबने आय-लीग ही देशातली तेव्हाची मुख्य लीग जिंकून दाखवली. त्याच वर्षी भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपच्या आपल्या एकवीस जणांच्या संघात आठ मणिपूरचे होते. महाराष्ट्राचा अनिकेत जाधव त्या संघात होता, तो कोल्हापूरचा. कोल्हापुरात तालमी आणि पेठांचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर गर्दी होते, पोरगं रांगायला लागल्यापासून फुटबॉलच्या गप्पा ऐकतं. आपल्याकडे पार्क स्टेडियमचं नाव काढलं की क्रिकेटच आठवतं.

वयचोरीबद्दल बोलायलाच हवं. चौदा वर्षांखालच्या संघात मिसरूड फुटलेला सेंटर फॉरवर्ड आपल्याकडे नवा नाही. तो जोरावर गोल करतो, शाळा कप जिंकते, आणि त्याच्याहून हुशार पण हाडाने बारीक पोर बाकावर बसून वर्ष घालवतं. म्हणूनच अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशन मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासतं. दाखला खरा असला तरी फरक उरतोच. वयोगट मोजायची तारीख १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेलं पोर डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं, आणि नऊ-दहाव्या वर्षी वर्ष म्हणजे फार. या क्लासमध्ये तर ६ ते १२ एकाच टर्फवर आहेत. सहा वर्षांच्या पोराला बारा वर्षांच्याकडून चेंडू कसा मिळणार?

क्लास सुधारायला पैसे लागत नाहीत, ही या परीक्षणातली सगळ्यात चीड आणणारी बाब. टर्फ अंदाजे तीस मीटर लांब, अठरा मीटर रुंद आहे. लांबीचे तीन तुकडे करा, प्रत्येकी १८ बाय १० मीटरची तीन मैदानं होतात. प्रत्येकावर चार विरुद्ध चार, म्हणजे बरोबर चोवीस मुलं. गोल दीड मीटर रुंदीचा, दोन कोन ठेवून. संघ ओळखायला जर्सीवरून घालायचे बिब बारा लागतात. वयानुसार लावा: लहान आठ एकीकडे, मधले आठ, मोठे आठ. चार मिनिटांचे सामने, एक मिनिट पाणी, मग पुढचा सामना. सुरुवातीची पंधरा मिनिटं प्रत्येकाला स्वतःचा चेंडू. चकरा मारायच्याच असतील तर चेंडू घेऊन मारा. मुलांना घरून चेंडू आणायला सांगितलं तर चोवीस चेंडू पहिल्याच आठवड्यात जमतात. कोच एकच असेल तर तो मधल्या मैदानावर उभा राहील, दोन्ही बाजू दिसतील. गोंगाट होईल, होऊ द्या.

चेंडूचं मापही इथे चुकलेलं आहे. सहाही चेंडू पाच नंबरचे, म्हणजे ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचे आणि ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचे. हा मोठ्यांचा चेंडू. आठ वर्षांपर्यंत तीन नंबर, आठ ते बारा चार नंबर. मोठा चेंडू लहान पायाला जड पडतो, मग मूल अंगठ्याने ठोकर मारायला शिकतं आणि ती सवय सुटता सुटत नाही. हवेचा प्रश्न त्याहून वाईट. वॉल्वशेजारी दाबाचा आकडा छापलेला असतो, तो वाचायचा कोणी त्रास घेत नाही. दगडासारखा फुगवलेला चेंडू टर्फवर गुडघ्याएवढा उसळतो आणि पहिला टच कधी शिकताच येत नाही. फुटसालचा चेंडू घ्यावा असं आमचं मत आहे: घेर ६२ ते ६४ सेंटिमीटर, दोन मीटरवरून सोडला तर ५० ते ६५ सेंटिमीटरच उसळतो. साधा चेंडू सव्वा मीटरच्या वर जातो. चेंडू जमिनीला धरून राहिला की तळव्याने ओढणं, वळवणं, दाबून धरणं आपोआप येतं. मात्र सहा-सात वर्षांच्यांना तो जड आहे, त्यांना तीन नंबरच.

बुटांबाबत क्लासने दिलेला सल्ला सरळ चूक आहे. पालकांना लांब स्टडचे बूट घ्यायला लावलेत. ते ओल्या गवतासाठी असतात. टर्फवर ते अडकतात आणि गुडघा-घोटा पिळवटतो, आणि आपल्या मुरमाच्या मैदानावर तर सगळा दाब टाचेवर येतो. आठ ते चौदा वयात टाचेचं हाड वाढत असतं, तिथे दुखणं सुरू झालं की पोर पंजावर चालायला लागतं आणि पालक म्हणतात नाटक करतंय. नाटक नसतं. बारीक रबरी ठिपक्यांचे टर्फ शूज घ्या, पाणी कमी असलेल्या या गावात वर्षाचे अकरा महिने तेच उपयोगी आहेत. नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे मैदानावर कोण शिंपडणार?

याच कारणाने टर्फला नावं ठेवताना हात आखडता घ्यावा लागतो. काळी माती उन्हाळ्यात तडकते, मुरूम गुडघे सोलतो, जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते. टर्फवर निदान चेंडू सरळ जातो. पण एप्रिल-मेमध्ये याच क्लासचं शिबिर संध्याकाळी पाचला सुरू होतं, ते चूक आहे. उन्हातलं कृत्रिम गवत हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी सहज जास्त तापतं. त्रेचाळीसच्या दिवशी पाच वाजता तिथे उघडा तळहात टेकवून बघा. सकाळी सहा ते साडेसात ही वेळ हवी, दर पंधरा मिनिटांनी पाणी. दुसरी मर्यादा जाळीची. चारही बाजूंनी जाळी असल्याने चेंडू बाहेर जातच नाही, मुलं जाळीवर आपटून खेळायला शिकतात. दहा वर्षांपर्यंत चालतं. बारानंतर मोठं मैदान मिळालंच पाहिजे, नाहीतर तीस मीटर लांब पास कसा दिसतो हेच कळत नाही.

बारानंतर काय, या प्रश्नाला क्लासकडे उत्तर नाही. जाहिरातीत परदेशी क्लबांचे फोटो आहेत, तेव्हा एक नियम पालकांनी माहीत करून घ्यावा: अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशात बदली फिफाने काही अपवाद सोडता बंद केलेली आहे. त्यातला एक अपवाद युरोपच्या आतल्या सोळा ते अठरा वयाच्या खेळाडूंचा. अमेरिकेचा पुलिसिच सोळाव्या वर्षी जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबात जाऊ शकला तो आजोबांमुळे मिळालेल्या क्रोएशियाच्या नागरिकत्वावर. आपल्या पोराची बारा ते अठरा ही वर्षं देशातच जाणार, बहुधा पुणे-कोल्हापूर-मुंबईकडे. म्हणून विचारा की क्लास जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का, मुलाची फेडरेशनच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीत नोंद होते का. हा क्लास तशी नोंद करत नाही. त्यात क्लासचंही नुकसान आहे. खेळाडूची पुढे मोठ्या रकमेला परदेशात बदली झाली तर त्यातले पाच टक्के बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात, पण ते नोंदणीकृत क्लबांना. दुकानाला नाही.

कोच सरांबद्दल दोन शब्द चांगले. वेळेवर येतात, मुलांवर हात उगारत नाहीत, प्रत्येकाचं नाव पाठ आहे, एका मुलाला कन्नडमधून आणि दुसऱ्याला तेलुगूमधून समजावतात. ही सोलापुरात मोठी गोष्ट. फेडरेशनचं सुरुवातीचं डी लायसन्स त्यांनी काढलं तर हाच माणूस वेगळा दिसेल. आइसलँडने तेच केलं, अगदी दहा वर्षांखालच्या पोरांनाही लायसन्सवाले कोच दिले. त्यांच्या २०१८ च्या राष्ट्रीय संघाचा मुख्य कोच दातांचा डॉक्टर होता, तेव्हा नोकरी सांभाळून कोर्स होत नाही ही सबब चालणार नाही.

पाचपैकी दोन. एक कोचच्या स्वभावाला, एक टर्फच्या देखभालीला.

नाव घालायचं असेल तर डेमोच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी चेंडू जास्त असतात. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात न सांगता जा, जाळीबाहेर उभं राहा आणि लाईनीतल्या मधल्या पोराचे टच मोजा. तासाला दोनशेच्या खाली आले तर तीन महिन्यांचे साडेचार हजार वाचवा. त्यातून चार नंबरचे दोन चेंडू, एक पंप आणि आठ कोन येतील, वर पैसेही उरतील. मग अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये किंवा शाळेच्या मैदानावर आसपासची आठ पोरं जमवा. खालच्या मजल्यावरच्या काकूंशी काचेबद्दल आधीच बोलून ठेवा.